बेस गिटारची घोडी : बदलावी केव्हां व निवडावी कशी

तंतुवाद्याच्या ज्या भागाकडे ऐकणाराचें लक्ष सहसा जात नाहीं, आणि वाजविणाराचेंहि तो बिघडेपर्यंत जात नाहीं, अशा एका लहानशा भागाविषयीं आज मी चार शब्द सांगणार आहें. हा भाग म्हणजे घोडी. तंबोऱ्याची घोडी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तबलीवर बसविलेली, वरून किंचित् बाकदार घांसलेली ती रुंद पट्टी. तिच्यावर तारा टेकतात, आणि तारेखालीं सरकविलेल्या दोऱ्याच्या योगानें जवारी उघडते. मिरजेच्या कारागिरांनीं या कामांत मिळविलेला लौकिक सर्वश्रुत आहे. परंतु माझा आजचा विषय तंबोऱ्याची घोडी हा नसून, विजेवर चालणाऱ्या बेस गिटारची घोडी, जिला इंग्रजींत ब्रिज म्हणतात, हा आहे.

गणेशोत्सवांतील ऑर्केस्ट्रांत, चर्चच्या गायनवृंदांत आणि महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत हें वाद्य आज ठिकठिकाणीं दिसतें. तें हातीं घेणारीं मुलें पुष्कळ. पण त्याची घोडी बदलावी कीं न बदलावी, आणि बदलावयाचीच तर कोणती घ्यावी, हें त्यांना नीट समजावून सांगणारा क्वचितच भेटतो. मी शिक्षकी पेशांतला माणूस. वादनकलेवर अधिकारवाणीनें बोलणें मला शोभणार नाहीं. तथापि मापन, ताण आणि कंपन हे तिन्ही विषय मीं मुलांना वर्षानुवर्षें शिकविले आहेत, आणि घोडीचा प्रश्न हा मुख्यतः या तिहींचाच प्रश्न आहे.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊं. बेस गिटारला बहुधा चार जाड तारा असतात व त्या अनुक्रमें ई, ए, डी आणि जी या स्वरांत लावतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारें ४१ वेळां कंप पावते, तर सर्वांत बारीक तार ९८ वेळां. मानेच्या टोकाकडील खाचपट्टीपासून घोडीपर्यंत तारेची मोकळी लांबी बहुतेक वाद्यांत ३४ इंच, म्हणजे सुमारें ८६४ मिलिमीटर, असते. या चार तारांचा एकत्रित ताण सामान्यतः ७५ ते ८५ किलोंच्या घरांत जातो. म्हणजे एक धडधाकट माणूस त्या घोडीला अहोरात्र लोंबकळत आहे असें समजा. आणि एवढा भार सोसणारी ती घोडी लाकडाला धरलेली असते केवळ पांच लहान पेचांनीं!

या घोडीवर प्रत्येक तारेखालीं धातूचा एकेक स्वतंत्र तुकडा असतो. त्याला इंग्रजींत सॅडल, म्हणजे खोगीर, म्हणतात. आपण घोडी म्हटलें, त्यांनीं तिच्यावर खोगीर चढविलें. दोन्ही भाषांनीं मिळून जनावर पुरें केलें. हें खोगीर वरखालीं आणि मागेंपुढें सरकवितां येतें. तारेचें टोक घट्ट धरणें, तार पडद्यांपासून योग्य उंचीवर ठेवणें, तिची लांबी नेमकी राखणें आणि दोन तारांतील अंतर सांभाळणें, अशीं चार कामें ही घोडी करते. तंबोऱ्याच्या घोडीशीं तिचा एक मोठा विरोध आहे. तंबोऱ्यांत तार रुंद पृष्ठभागाला हलकेच स्पर्श करीत राहावी व झंकार उठावा अशी आपली इच्छा असते. बेसमध्यें मात्र तार एका अरुंद धारेवरून स्वच्छ सुटली पाहिजे. तेथें जें भूषण तें येथें दूषण.

या घोडीचा इतिहास फार जुना नाहीं. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं लिओ फेंडर नांवाच्या गृहस्थांचें रेडिओ-दुरुस्तीचें दुकान होतें. रेडिओवरून बोलतांना या व्यवसायबंधूंचें स्मरण करणें उचितच होय. नवलाची गोष्ट अशी कीं, हे गृहस्थ स्वतः गिटार वाजवीत नसत. १९५१ सालीं त्यांनीं प्रिसिजन बेस हें वाद्य बाजारांत आणलें. तोंपर्यंत खर्जाच्या साथीसाठीं बहुधा माणसाहून उंच असा उभा डबल बेस वापरीत. त्याच्या मानेवर पडदे नसल्यामुळें स्वराचा अचूकपणा सर्वस्वीं कानावर व सरावावर अवलंबून असे. नव्या वाद्याला पडदे होते, स्वर नेमका लागे, म्हणून प्रिसिजन हें नांव. परंतु त्याच्या पहिल्या घोडीवर खोगिरें दोनच होतीं, दोन तारांना मिळून एक. एका तारेची लांबी जुळवावी तर जोडीदारीण बिघडे. १९५७ सालीं चार तारांना चार खोगिरें मिळालीं आणि हा तंटा मिटला. वांकविलेल्या पत्र्याची ती साधी घोडी आजहि असंख्य वाद्यांवर दिसते.

आतां ती बदलावी केव्हां? पत्रा ताणामुळें मागून उचलला गेला असेल. खोगिरांच्या पेचांचे आटे झिजून, वाजवितां वाजवितां तार आपोआप खालीं बसत असेल. जोरानें छेडतांच तार खोगिरावरून बाजूला घसरत असेल. किंवा खोगीर शेवटपर्यंत सरकवूनहि स्वर जुळत नसेल, तर घोडी बदलण्याचा विचार अवश्य करावा. कोंकण व गोमंतकांतील खारी हवा आणि हाताचा घाम यांनीं पेच गंजून जाम होणें हेंहि एक नेहमींचें कारण आहे. परंतु यांपैकीं पुष्कळशा व्याधी केवळ नवे पेच अथवा नवीं खोगिरें बसवून बऱ्या होतात. एक फळी कुजली म्हणून कोणी घर पाडीत नाहीं.

ज्या कारणांसाठीं घोडी बदलूं नये तींहि सांगितलीं पाहिजेत. मानेवर एखाद्या ठिकाणीं स्वर लागतांच विझतो, विशेषतः बारीक तारेवर पांचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास. पुष्कळ वादक याचा दोष घोडीला देतात. वस्तुतः तो मानेचा गुण आहे. लांब, सडपातळ मान त्या विशिष्ट स्वराबरोबर स्वतःच थरथरूं लागते व तारेची शक्ति शोषून घेते. घोडी कितीहि भारी आणली तरी मान तीच राहते.

मग भारी घोडीनें स्वर अधिक काळ टिकतो, असें जें दुकानांत सांगतात, तें खोटें काय? तत्त्व खरें आहे. तार ज्याला बांधली तें टोक जितकें जड व ताठ, तितकें तें कमी हलतें आणि तितकी तारेची शक्ति तारेंत राहते. पण पांच पेचांनीं जाड लाकडाला आवळलेला साधा पत्राहि फारसा हलत नाहीं. म्हणून प्रत्यक्ष फरक बहुधा थोडा पडतो. शिवाय येथें एक फसगत आहे. घोडी बदलणारा मनुष्य त्याच वेळीं जुन्या तारा काढून नव्या चढवितो. नव्या तारेचा आवाज जुनीहून पुष्कळ उजळ असतो, आणि त्याचें श्रेय कान भोळेपणानें घोडीला देतो. विज्ञानाच्या तासाला आम्ही मुलांना सांगत असूं कीं, प्रयोगांत एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. तोच नियम येथेंहि पाळावा. आधीं फक्त तारा बदला, आठ दिवस वाजवा, आणि मग ठरवा.

ही गोष्ट मीं केवळ तर्कानें सांगत नाहीं. आमच्याकडील एक होतकरू तरुण ऑर्केस्ट्रांत बेस वाजवून घर चालवितो. वाद्य त्याच्या मामाकडून आलेलें. शहरांतील एका दुकानदारानें त्याला भारदस्त पितळी घोडी घेण्याची भर दिली. किंमत त्याच्या दोन रात्रींच्या बिदागीएवढी. जुन्या भोंकांशीं नवीं भोंकें जुळेनात, म्हणून तेथल्याच कारागिरानें गिरमिट चालवून पांच नवीं पाडलीं. वाद्य हातीं आलें तेव्हां तारांमधलें अंतर आंखडलें होतें आणि कडेच्या तारा ध्वनिग्राहक चुंबकांवरून सरकल्या होत्या; त्यांचा आवाज इतरांहून दबका येई. ऐन हंगामांतल्या तीन सुपाऱ्या दुसऱ्याकडे गेल्या. पुढें गांवांतल्या सुतारानें तीं भोंकें लाकडी खुंट्या व सरस घालून बुजविलीं, जुनीच घोडी नव्या पेचांसह परत बसविली, आणि वाद्य पूर्ववत् बोलूं लागलें. पेचांचा खर्च एका जेवणाइतकाहि नव्हता. पण मामाच्या वाद्याच्या अंगावर व्रण राहिला तो राहिलाच.

म्हणून निवडीचा पहिला नियम हा कीं, पैसे देण्यापूर्वीं मोजपट्टी काढावी. चार मापें घ्यावींत. पहिलें, पेचांच्या भोंकांची मांडणी व त्यांतील अंतरें; नवी घोडी जुन्याच भोंकांवर बसत असेल तर अर्धें काम झालें. दुसरें, पहिल्या तारेच्या मध्यापासून चौथ्या तारेच्या मध्यापर्यंतचें अंतर. नेहमींच्या फेंडर धाटणींत तें आज बहुधा ५७ मिलिमीटर असतें, म्हणजे शेजारच्या दोन तारांत १९ मिलिमीटर. इतर कांहीं बनावटींत तें कमी असतें. तिसरें, उंची. नव्या घोडीची बैठक जाड असेल तर खोगिरें अगदीं खालीं नेऊनहि तारा उंचच राहतात, आणि मग मानेच्या खोबणींत पातळ पाचर घालण्याची पाळी येते. चौथें, खोगीर मागेंपुढें सरकण्यास मिळणारी जागा. तसेंच तारा घोडीच्या मागल्या कडेंतून ओंवावयाच्या कीं वाद्याच्या धडाच्या पाठीमागून, हेंहि पाहावें. गिब्सनसारख्या वाद्यांची तीन खुंटांवर टेकणारी घोडी वेगळ्याच जातीची आहे. तिच्या जागीं त्याच बैठकीसाठीं बनविलेलीच घ्यावी.

धातूविषयीं फार खोलांत शिरण्याचें कारण नाहीं. पितळ जड असतें व चांगलें घडवितां येतें. जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव घोडी स्वस्त पडते. ॲल्युमिनियम हलकें, म्हणून मांडीवर घेतलें असतां मानेकडे झुकणाऱ्या वाद्याला जड घोडीनें थोडा तोल येतो, तर आधींच जड असलेल्या वाद्याला हलकी बरी. उभ्यानें तीन तास वाजविणाराच्या खांद्याला हा हिशेब कळतो. कांहीं घोड्यांचीं खोगिरें कोरीं येतात व त्यांवर तारेच्या जाडीप्रमाणें खाच घांसून घ्यावी लागते. तें काम जाणत्याच्याच हातून करवावें. खोल गेलेली खाच भरून येत नाहीं.

आतां एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. घोडीखालून एक उघडी तांब्याची तार आंतल्या विद्युत्‌मंडलाकडे जाते. ती घोडीच्या धातूला चिकटून असली पाहिजे. नव्या घोडीच्या तळाला रंगाचा जाड थर असेल तर हा संबंध तुटतो आणि ध्वनिवर्धकांतून गुणगुण ऐकूं येते. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर संबंध जुळलेला आहे असें समजावें. हात लावूनहि कांहींच फरक न पडला तर आधीं तेथेंच पाहावें.

बसवून झाल्यावर स्वर जुळवावयाचा. बाराव्या पडद्यावर तारेची लांबी बरोबर निम्मी होते. तेथें बोट नुसतें टेकवून निघणारा सूक्ष्म स्वर आणि तेथेंच तार दाबून निघणारा स्वर एक आले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा आला तर खोगीर मागें न्यावें, म्हणजे तार लांब होईल. उतरा आला तर पुढें आणावें. प्रत्येक वेळीं तार पुन्हा स्वरांत लावून मगच ताडून पाहावें. जाड तारेचें खोगीर सर्वांत मागें राहतें. दाबल्यानें तार ताणली जाऊन स्वर चढतो, आणि ताठ जाड तार टोकाशीं पुरती वांकत नसल्यामुळें प्रत्यक्षाहून आंखूड असल्यासारखी वागते. या दोहोंची भरपाई मागें सरकवून करावयाची असते. म्हणून चारी खोगिरें एका रेषेंत दिसलीं नाहींत तर घाबरूं नये. तीं तिरपीं असणें हेंच बहुधा बरोबर असण्याचें लक्षण.

श्रोतेहो, उत्तम घोडी कोणती, असें मला कोणी विचारलें तर मी म्हणेन, जी आपल्या जागीं बरोबर बसते, दिलेली उंची व लांबी सोडीत नाहीं, आणि वाजवितांना जिची आठवणहि होत नाहीं ती. ती साध्या पत्र्याची असो कीं घडीव पितळेची. तरुण वादकांना माझें सांगणें एवढेंच कीं, आधीं दुरुस्ती, मग मोजमाप आणि सर्वांत शेवटीं खरेदी, हा क्रम मोडूं नये. पैसा गेला तर पुन्हा मिळवितां येतो. लाकडांत पाडलेलें भोंक मात्र बुजवितां आलें तरी न पाडल्यासारखें करतां येत नाहीं.