‘सोडत का नाहीस?’

मैत्रिणींनो, बोरिवलीच्या उकाड्यात बर्फावरच्या स्केटिंगची गोष्ट सांगतेय, याचं हसू येईल. पण येलेना बेरेझनाया या रशियन खेळाडूने मला माझाच एक प्रश्न तपासायला लावला.

जोडीच्या स्केटिंगमध्ये पुरुष बाईला डोक्यावर उचलतो, हवेत फेकतो. जोडीदार सुटला की बाईचं कामच थांबतं. लॅटव्हियाकडून खेळताना येलेनाचा जोडीदार तिला मारायचा. भोवतालच्यांना ते ठाऊक होतं. जानेवारी १९९६मध्ये सरावात गिरक्या घेताना त्याच्या स्केटचं पातं तिच्या कवटीत घुसलं. मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. बोलणंसुद्धा तिला पुन्हा शिकावं लागलं.

पुढे अंतोन सिखारुलिद्झेबरोबर, तमारा मॉस्क्विना या प्रशिक्षक बाईंकडे तिने नव्याने सुरुवात केली. १९९८ला नागानोत रौप्य, २००२ला सॉल्ट लेक सिटीत सुवर्ण. तिथे परीक्षकांच्या गुणांवरून वाद पेटला, कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण दिलं गेलं. गुणांसाठी जग ओरडलं; मारासाठी कोण ओरडलं होतं?

घाटकोपरला आमच्याकडे एक बाई आली होती. नवराबायको मिळून शिवणकाम करायचे. मी पटकन विचारलं, ‘मारतो, तर सोडत का नाहीस?’ ती म्हणाली, ‘ताई, मशीन त्याची आहे.’

हल्ली मी आधी मशीनचं विचारते.