चोवीस तासांची परीक्षा



फ्रान्समध्ये पॅरिसपासून साधारण दोनशे किलोमीटरवर 'ल माँ' नावाचे शहर आहे. तिथे वर्षातून एकदा, बहुधा जून महिन्यात, शनिवारी दुपारी मोटारींची एक शर्यत सुरू होते आणि रविवारी दुपारी संपते. तिची सुरुवात १९२३ साली झाली. एरवीच्या शर्यतीत अंतर ठरलेले असते आणि ते कमीत कमी वेळात कापायचे असते. इथे वेळ ठरलेली आहे, चोवीस तास. तेवढ्या वेळात जी गाडी सर्वांत जास्त अंतर कापेल ती जिंकली.

एक फेरी सुमारे साडेतेरा किलोमीटरची. तिचा बराचसा भाग म्हणजे एरवी लोकांच्या जाण्यायेण्याचा साधा रस्ता. आता गाडी एक आणि चालक तीन. ते आळीपाळीने झोपतात, गाडीला मात्र झोप नाही. २०१० साली जिंकलेल्या गाडीने ३९७ फेऱ्या मारल्या, म्हणजे ५,४१० किलोमीटर. मुंबईहून दिल्लीला जाऊन परत यायचे आणि लगेच पुन्हा तेच करायचे, असे जवळजवळ दोनदा. तेही एका दिवसात.

अशा शर्यतीत नुसता वेग कामाचा नाही. वेगवान गाडी मध्यरात्री बंद पडली की तिच्या वेगाला काय करायचे? मराठीत आपण याला तग धरणे म्हणतो. आमच्या घरात यासाठी 'सब्र' हा शब्द आहे. सब्र म्हणजे मुकाट्याने बसणे नव्हे. परिणामाची वाट पाहताना हातचे काम न सोडणे, असा त्याचा अर्थ मला घरच्या मोठ्या माणसांनी सांगितला. ल माँची शर्यत मला आवडते ती या गुणासाठी.

तग धरायचा तर इंधन जपून वापरावे लागते. तेल भरायला जितक्या कमी वेळा थांबाल, तितक्या फेऱ्या जास्त. त्यामुळे काटकसर हा या शर्यतीचा जुनाच धडा आहे. १९६० च्या दशकात तर कमी इंधनात चांगली धाव घेणाऱ्या गाडीला तिथे वेगळे बक्षीस असे. २०१४ पासून अव्वल वर्गातल्या गाड्यांना प्रत्येक फेरीसाठी इंधन मोजून मिळू लागले. त्याहून जास्त वापरले तर दंड. घरात महिन्याचा किराणा मोजून भरावा, तसेच हे. मग इंजिनिअरांनी ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती साठवून पुन्हा चाकांना देण्याची युक्ती पक्की केली. २०१२ साली पेट्रोल किंवा डिझेलच्या जोडीला वीज वापरणारी, म्हणजे हायब्रिड गाडी तिथे पहिल्यांदा जिंकली होती. ती ऑडी कंपनीची होती.

याच कंपनीची एक आधीची गोष्ट सांगतो, कारण आजच्या बोलण्याचा कणा तीच आहे. २००६ साली ऑडीने ल माँला डिझेलवर चालणारी गाडी उतरवली. बारा सिलिंडर, साडेपाच लिटरचे इंजिन. डिझेल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काळा धूर सोडणारा ट्रक येतो. ही गाडी मात्र इतकी शांत होती की शेजारून गेली तरी लोक चकित व्हायचे. ती जिंकली. डिझेल गाडीने ल माँ जिंकण्याची ती पहिलीच वेळ. लिटरमागे डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा शक्ती जास्त, म्हणून तेल भरायचे थांबेही कमी. पुढे २००९ साली प्यूजो कंपनीची डिझेल गाडी जिंकली. मघाशी सांगितलेला २०१० चा विक्रमही डिझेलचाच. युरोपात त्या काळी डिझेल मोटारी भराभर खपत होत्या आणि डिझेल आता स्वच्छ झाले, असे जाहिराती सांगत होत्या.

मग सप्टेंबर २०१५ उजाडला. ऑडी ज्या फोक्सवॅगन समूहातली, त्या समूहाच्या डिझेल मोटारींत एक लबाडी असल्याचे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने जाहीर केले. गाडीतल्या संगणकाला आपली तपासणी चालू आहे हे कळायचे. तेवढ्यापुरती गाडी सभ्यपणे वागायची आणि रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड हा घातक वायू मर्यादेच्या कितीतरी पट, काही वेळा चाळीस पटींपर्यंत, बाहेर टाकायची. जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत ही करामत होती. २०१६ अखेर ऑडीने ल माँच्या शर्यतीतून अंग काढून घेतले.

शर्यतीच्या गाडीवर हा आरोप नव्हता, हे स्पष्ट सांगतो. ती आपल्या बळावर जिंकली. पण शर्यतीने मोजले काय? फेऱ्या, वेळ आणि इंधन. रस्त्याकडेच्या घरातल्या मुलाच्या छातीत काय जाते, हे मोजायचे घड्याळ तिथे नव्हते. ल माँचा विजय डिझेलच्या बळाचा दाखला होता. बाजारात लोकांनी तो डिझेलच्या स्वच्छतेचाही दाखला मानला.

आता हाच प्रश्न नव्या इंधनाला विचारू या. २०२२ पासून ल माँला आणि त्या जागतिक मालिकेतल्या इतर शर्यतींना खनिज तेलापासून न बनवलेले पेट्रोल वापरतात. टोटल एनर्जीज ही फ्रेंच कंपनी ते बनवते. द्राक्षाची वाइन केल्यावर चोथा आणि गाळ उरतो, त्यापासून इथेनॉल काढून हे इंधन तयार होते. तेल काढण्यापासून ते जाळण्यापर्यंतचा सगळा हिशेब धरला तर कार्बन डाय ऑक्साइड निदान ६५ टक्क्यांनी कमी होतो, असे कंपनी म्हणते.

कल्पना चांगली आहे. जे टाकून द्यायचे त्यातून काम काढणे आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीला पटेल. पण चोथा वाइनइतकाच निघणार. शर्यतीतल्या साठ गाड्यांना तो पुरतो. जगातल्या कोट्यवधी मोटारींना कसा पुरेल? चोथा संपला की माणूस फळाकडे वळतो, फळ संपले की जास्त जमिनीकडे आणि जास्त पाण्याकडे.

हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. साखर करून उरलेल्या मळीपासून आपण इथेनॉल काढतो. २००३ साली देशाच्या काही भागांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली आणि २०२५ साली आपण २० टक्क्यांवर पोचलो. मळी अपुरी पडू लागली तसा थेट उसाचा रस इथेनॉलसाठी जाऊ लागला, धान्यही जाऊ लागले. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या धास्तीने केंद्र सरकारला रसाच्या वापरावर बंधने घालावी लागली. इथेनॉलमुळे साखर कारखान्यांच्या हाती पैसा आला आणि तेलाची आयात थोडी घटली, हे खरे आहे. ऊस किती पाणी पितो हेही खरे आहे. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले होते. इंधन हिरवे की नाही हे ठरवताना ती आगगाडीही हिशेबात धरली पाहिजे.

कोणी म्हणेल, यावर हायड्रोजनचा उपाय आहे. त्याच्या इंधनपेशीतून वीज होते आणि बाहेर फक्त पाण्याची वाफ पडते. ल माँचे आयोजक २०१८ पासून त्यावर काम करीत आहेत. हायड्रोजन गाड्यांच्या वर्गासाठी आधी २०२४ साल ठरले होते, ते पुढे सरकत सरकत २०२८ वर गेले. जपानमध्ये टोयोटाने २०२१ साली फुजी येथील चोवीस तासांच्या शर्यतीत हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनाची गाडी चालवली. ती बराच वेळ गॅस भरायलाच थांबली, पण शेवटपर्यंत टिकली. २०२३ साली तिथेच उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन वापरला, तेव्हा त्याचा पंप शर्यत चालू असतानाच बदलावा लागला. अडचणी अशा उघड्यावर येणे मला चांगले वाटते. परंतु जगातला बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायू आणि कोळसा यांपासूनच बनतो. गाडीच्या मागून वाफ निघते, धूर निघतो तो कारखान्यात, आपल्या नजरेआड.

आणखी एक हिशेब आहे. फॉर्म्युला वन या दुसऱ्या प्रसिद्ध शर्यतमालिकेने २०१९ साली आपल्या कार्बनचा आकडा प्रसिद्ध केला. त्यात शर्यतीच्या गाड्यांनी जाळलेल्या इंधनाचा वाटा एक टक्काही नव्हता, ०.७ टक्के होता. सामानाची जगभर ने-आण मात्र ४५ टक्के. म्हणजे गाडीच्या टाकीत काय ओतले यावर आपण हिरिरीने वाद घालतो आणि खरा खर्च विमानाच्या पोटात असतो.

म्हणून शर्यत बंद करा, असे मी म्हणणार नाही. कमी इंधनात जास्त चालायची विद्या माणूस अशा ठिकाणीच शिकतो, कारण तिथे न शिकणारा हरतो. माझे म्हणणे एवढेच की बक्षिसाच्या मंचावरून कोणी 'आमचे इंधन हिरवे आहे' असे सांगितले, तर टाळ्या वाजवून झाल्यावर आपण तीन गोष्टी विचाराव्यात. हे कशापासून केले? त्यासाठी कोणाचे पाणी, कोणाची जमीन गेली? आणि हा हिशेब विकणाऱ्याखेरीज आणखी कोणी तपासला का?

ल माँची परीक्षा चोवीस तासांत संपते. हवा, पाणी आणि जमीन यांच्या परीक्षेचा निकाल लागायला पिढ्या जातात, आणि त्या वेळी उत्तरपत्रिका आपल्या नातवंडांच्या हातात असते.