गृहपाठातले उत्तर आणि त्यापुढचा प्रश्न
(वस्त्यांमधून सायंकाळच्या अभ्यासिका चालविणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण)



अभ्यासिकेत मुले इतिहास-नागरिकशास्त्राचा गृहपाठ घेऊन येतात. प्रश्न ठराविक असतात : सन सांगा, फरक स्पष्ट करा, टीपा लिहा. दिवसभर राबून थकलेला कार्यकर्ता गाइड उघडतो आणि उत्तर सांगून मोकळा होतो. मुलाला गुण मिळतात. परंतु ज्याच्या आईबापांना साध्या शिधापत्रिकेसाठी कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात, त्या मुलाला राज्यकारभार ही केवळ पाठ करण्याची बाब वाटत राहते. ही हानी लहान नव्हे.

'महाडचा सत्याग्रह केव्हा झाला?' हा नेहमीचा प्रश्न. उत्तर : 20 मार्च 1927. उत्तर बिनचूक आहे; तथापि त्याच्या मागेपुढे काय घडले हे त्यात नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळाने 1923 सालीच संमत केला होता. महाडच्या नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. हक्क कागदावर आला. पाणी ओंजळीत आले नाही. त्यासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंना तळ्यापर्यंत चालत जावे लागले आणि परतताना मार खावा लागला. नगरपालिकेने त्याच वर्षी आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो 1937 साली. ठराव आणि त्याची अंमलबजावणी यांत चौदा वर्षे का गेली, हा खरा नागरिकशास्त्राचा प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न : 'मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वे यांतील फरक स्पष्ट करा.' गाइड सांगते की, पहिल्यांसाठी न्यायालयात दाद मागता येते, दुसऱ्यांसाठी नाही. हा फरक माणसांच्या आयुष्यात कसा उतरतो, ते शिक्षणाच्या उदाहरणावरून दिसते. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण दहा वर्षांत देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मूळ कलम 45 मध्ये म्हटले होते. ती मुदत 1960 साली संपली. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी शिक्षण मूलभूत हक्क ठरले ते 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने, आणि कायदा अमलात आला 1 एप्रिल 2010 रोजी. गृहपाठ लिहिणाऱ्या मुलीच्या आजीची शाळा कदाचित याच अर्धशतकात सुटली असेल. उलट, कामाच्या हक्काविषयीचे कलम 41 हेही मार्गदर्शक तत्त्वच. परंतु 1972 च्या दुष्काळानंतर कष्टकऱ्यांचा रेटा वाढला आणि महाराष्ट्राने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला. तत्त्वाला बळ कोठून मिळते, हे दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की मुलांना कळते.

आता तिसरा, कार्यकर्त्यांनाच अवघड वाटणारा प्रश्न : 'घटनेच्या प्रास्ताविकेत समाजवादी हा शब्द केव्हा आला?' उत्तर : 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने. म्हणजे आणीबाणीत, जॉर्ज फर्नांडिस यांच्यासह अनेक समाजवादी तुरुंगात असताना. पुढे 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने आणीबाणीच्या तरतुदींना लगाम घातला. 'अंतर्गत अशांतते'च्या जागी 'सशस्त्र उठाव' हे कारण आले. प्रास्ताविकेतला तो शब्द मात्र राहिला. हा इतिहास गैरसोयीचा म्हणून गाळता कामा नये. ज्या सत्तेने समाजवाद्यांना कोंडले तिनेच तो शब्द का घातला, आणि आणीबाणी उठल्यावरही तो का ठेवला गेला, याचा विचार मुलांनी स्वतः करावा. गाइडच्या तयार उत्तराऐवजी पक्षाचे तयार उत्तर त्यांच्या वहीत उतरविणे हे शिक्षण नव्हे. तो दुसरा गाइडच होय.

गुणांना तुच्छ लेखण्याचे कारण नाही. गरिबाच्या मुलाला परीक्षेशिवाय दुसरी वाट क्वचितच असते. म्हणून गुणांचे उत्तर आधी, नीट आणि बिनचूक द्यावे. त्यानंतर वही मिटण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : हे कोणामुळे घडले, आणि कोणाच्या वाट्याला अजून आले नाही? उत्तर घरी आजीला, शेजाऱ्याला विचारून आणायला सांगावे. दुसऱ्या दिवशी मूल जे घेऊन येईल, ते कार्यकर्त्याने शांतपणे ऐकून घ्यावे. त्यात त्यालाही शिकण्याजोगे पुष्कळ असेल.