त्वचेतून औषध आत जाते तेव्हा



गुडघेदुखीवर चोळायच्या जेलची एक ट्यूब मी सोबत आणली आहे. आपल्याकडे घरोघरी सापडतो तोच नेहमीचा फॉर्म्युला तिच्यावर छापलेला आहे. वाचून दाखवतो. डायक्लोफिनॅक डायएथिलअमाइन १.१६ टक्के, जवसाचे तेल ३ टक्के, मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के, मेन्थॉल ५ टक्के. आणि शेवटी 'जेल बेस, आवश्यक तेवढा'. म्हणजे १९ टक्क्यांचा हिशेब नावानिशी दिला आणि उरलेले ८१ टक्के दोन शब्दांत गुंडाळले. मला आज बोलायचे आहे ते मुख्यतः या ८१ टक्क्यांबद्दल. कारण औषध कातडीवरच राहणार की आत उतरणार, हे बऱ्याच अंशी तिथे ठरते.

त्वचेचे काम मुळात बाहेरचे बाहेर ठेवण्याचे. तिचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि त्याची जाडी बहुतेक ठिकाणी अवघी १० ते २० मायक्रोमीटर. चपट्या, केराटिनने भरलेल्या पेशी एकावर एक रचलेल्या आणि त्यांच्या फटींत सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले. मायकेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये या थराला विटा आणि चुन्याच्या भिंतीची उपमा दिली. ती आजही वर्गात शिकवतात, कारण ती नेमकी आहे. औषधाच्या रेणूला विटांमधून सहसा जाता येत नाही. त्याला चुन्यातून, म्हणजे त्या स्निग्ध फटींतून, वळणे घेत जावे लागते. म्हणून रेणू लहान हवा, साधारण ५०० डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) आतला. तो तेलातही मिसळायला हवा आणि पाण्यातही थोडाफार. इन्सुलिन सुमारे ५,८०० डाल्टनचे. मधुमेहींची सुई अजून का सुटली नाही, याचे एक कारण या आकड्यात आहे.

ज्यांना हे सगळे निसर्गतःच जमते अशी औषधे थोडी. प्रवासात मळमळू नये म्हणून कानामागे लावायची स्कोपोलमिनची पट्टी अमेरिकेत १९७९ मध्ये मंजूर झाली. अशी ती पहिलीच. पुढे नायट्रोग्लिसरीन, फेन्टानिल, निकोटिन यांच्या पट्ट्या आल्या. बाकीच्या औषधांसाठी त्या भिंतीलाच थोडा वेळ सैल करावे लागते. हे काम करणाऱ्या रसायनांना आमच्या क्षेत्रात 'पेनिट्रेशन एन्हान्सर' म्हणतात. मी त्यांना प्रवेशवर्धक म्हणेन.

सर्वांत गाजलेला प्रवेशवर्धक म्हणजे डायमिथाइल सल्फॉक्साइड, डीएमएसओ. लाकडापासून कागदाचा लगदा करताना निघणाऱ्या उपपदार्थांपासून हे द्रावक मिळते. अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये डॉ. स्टॅनली जेकब यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा वैद्यकीय अभ्यास सुरू केला. हे द्रावण हाताच्या त्वचेवर लावले तर थोड्याच वेळात तोंडात लसणासारखी चव येते. गिळलेले काही नसते! रसायन त्वचेतून रक्तात जाते, तिथून त्याचा एक गंधकयुक्त अवशेष श्वासात उतरतो. त्वचा ओलांडली जाते याचा इतका उघड पुरावा दुसरा नाही, आणि लोक त्याच्यामागे धावले यात नवल नाही. पण डीएमएसओ औषधाबरोबर हातावरची इतर रसायनेही आत नेऊ शकते. शिवाय त्याचा चांगला परिणाम दिसायला ६० टक्क्यांहून अधिक प्रमाण लागते आणि तेवढ्याने त्वचा लाल होते, गांधी उठतात. प्राण्यांच्या डोळ्यांतील भिंगावर त्याचा परिणाम दिसल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९६५ मध्ये माणसांवरील चाचण्या थांबवल्या. १९७८ मध्ये मूत्राशयाच्या एका दुखण्यापुरती परवानगी मिळाली. पुढे २००९ मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी डायक्लोफिनॅकचे एक द्रावण मंजूर झाले, त्यात ४५.५ टक्के डीएमएसओ आहे. आणि ते लेबलवर लिहिलेले असते.

डीएमएसओच्या या अनुभवानंतर प्रश्न असा होता की, केवळ हेच काम करणारा आणि थोडक्या प्रमाणात पुरणारा रेणू मुद्दाम घडवता येईल का? 'एझोन' हा तसा रेणू. त्या कुळातल्या रसायनांच्या १९७६ मधील अमेरिकी पेटंटवर संशोधकाचे नाव आहे विठ्ठल राजाध्यक्ष. आपल्या परिचयाचे हे आडनाव या विषयाच्या इतिहासात इतक्या महत्त्वाच्या जागी आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल? एझोनची बारा कार्बनची शेपटी त्या स्निग्ध थरांत शिरते आणि त्यांची शिस्तबद्ध रचना विस्कटते. १ ते ३ टक्के एवढे प्रमाण पुरते. तरीही बाजारात हे रसायन अपेक्षेइतके रुजले नाही. त्वचेला होणारा त्रास ही त्याचीही अडचण होती.

इथेच या शास्त्राची खरी गाठ आहे. जे रसायन वरचा मृत थर सैल करते ते खालच्या जिवंत पेशींनाही डिवचते. ताकद वाढवा, दाह वाढतो. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले समीर मित्रगोत्री आणि त्यांचे सहकारी यांनी कॅलिफोर्नियात यावर कसून काम केले. त्वचेतून वीज किती सहज वाहते हे मोजून त्वचेचा अडसर किती सैल झाला हे ओळखायचे, अशी त्यांची पद्धत. त्या बळावर त्यांनी ५,००० हून अधिक मिश्रणे तपासली आणि २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ताकदवान असूनही त्वचेशी सौम्य वागणारी मिश्रणे अगदी मोजकीच निघाली आणि तीही घटकांचे प्रमाण नेमके साधले तरच. मला हे काम फार मोलाचे वाटते. 'बेस' म्हणजे नुसती भर नव्हे, हे त्याने सिद्ध केले.

आता आपल्या घराकडे वळू. सर्वांत स्वस्त प्रवेशवर्धक म्हणजे पाणी. त्वचा झाकून ठेवली की घाम आतच राहतो, वरचा थर फुगतो आणि औषध जास्त जाते. १९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टाउटन यांनी दाखवले की, झाकलेल्या त्वचेतून स्टिरॉइड शंभरपटीपर्यंत अधिक शोषले जाऊ शकते. जागेनुसारही फरक पडतो. फेल्डमन आणि मायबाख यांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोनवर केलेली मोजणी अशी : हाताच्या कोपरापुढच्या भागाला १ धरले, तर तळपायाला ०.१४, कपाळाला ६, जबड्याच्या कोपऱ्याला १३ आणि अंडकोशाच्या त्वचेला ४२.

हा ४२ चा आकडा कृपा करून लक्षात ठेवा. उन्हाळ्यात जांघेत नायटा होतो. संकोचाने डॉक्टरकडे कुणी जात नाही. मेडिकलमधून तीन-तीन औषधांचे मिश्रण असलेले मलम आणतात. त्यात बहुधा जोरकस स्टिरॉइड असते. आधीच पातळ कातडी, वर घाम, वर घट्ट कपडे. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ट्यूब घरात सगळ्यांसाठी फिरते. नायटा मात्र आत पसरत राहतो, त्वचा विरते, तिच्यावर कायमच्या चिरा पडतात. गोरेपणासाठी हेच मलम चेहऱ्यावर लावणाऱ्या मुलींची हानी तर आरशात रोज दिसते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरवले. दुकानात चिठ्ठी विचारली जाते का, हे तुम्हीच मला सांगा.

अशीच सावधगिरी पट्ट्यांबाबतही हवी. घरात कर्करोगाचा रुग्ण असेल आणि वेदनाशामक फेन्टानिलची पट्टी लावलेली असेल, तर त्या जागी शेकण्याची पिशवी कधीही ठेवू नका. उष्णतेने औषध वेगाने आत जाते आणि श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. काढलेल्या पट्टीतही बरेच औषध उरते. ती मुलांच्या हाती लागता कामा नये.

माझी मागणी साधी आहे. जी रसायने औषधाला त्वचेतून आत नेतात, त्यांची नावे आणि प्रमाण ट्यूबवर मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरांत छापले पाहिजे. बिस्किटाच्या पुड्यावर घटक छापता येतात, तर औषधाच्या ट्यूबवर का नाहीत? ग्राहक संघटनांनी हा प्रश्न लावून धरावा. आणि तुम्ही आज घरी गेल्यावर औषधांच्या डब्यातली प्रत्येक मलमाची ट्यूब बाहेर काढा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन या स्टिरॉइडचे नाव दिसले आणि ती डॉक्टरांनी तुमच्यासाठी लिहून दिलेली नसेल, तर वापरू नका. कुणी ती रोज लावत असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.