पिळाचें माप

मोटारीचें चाक बदलणें हें काम आतां शहरांतील पुष्कळ कुटुंबांस परिचयाचें झालें आहे. नट काढावे, दुसरें चाक चढवावें, नट पुन्हां आवळावे, एवढेंच तें काम. परंतु किती आवळावे, हा प्रश्न निघाला म्हणजे गाडीबरोबर आलेली पुस्तिका उघडावी लागते. तींत समजा ‘१०८ न्यूटन-मीटर’ असें छापलें आहे, आणि हातांत वडिलांच्या वेळचा विलायती पाना आहे. त्याच्या कांट्याखालीं आंकडे आहेत फूट-पौंडांचे. कांटा १०८ वर येईपर्यंत दांडा ओढला, तर नटावर सांगितल्यापेक्षां एकतृतीयांशाहून अधिक जोर पडेल. बोल्ट ताणले जातील, आटे जातील; आणि पुढच्या पंक्चरच्या वेळीं तो नट रस्त्याच्या कडेला साध्या पान्यानें हलणारहि नाहीं. उलट प्रकार याहून घातक. फूट-पौंडांचा आंकडा न्यूटन-मीटर समजून आवळलेला नट ढिला राहतो, आणि ढिल्या नटांचें चाक घाटांत काय करील हें श्रोत्यांस सांगावयास नको.

हा जोर म्हणजे नुसतें बल नव्हे. दार बिजागरीजवळ ढकलून पाहावें. मोठ्या माणसासहि तें जड जातें. तेंच दार कडीजवळ लहान मूल सहज लोटतें. बल, आणि आंसापासून त्या बलाच्या रेषेचें लंब अंतर, या दोहोंचा गुणाकार म्हणजे पीळ. शास्त्राच्या पुस्तकांत त्यास आघूर्ण म्हणतात, कारखान्यांत टॉर्क.

गुणाकार हा शब्द ध्यानांत असला, म्हणजे कोष्टक पाठ करण्याचें कारण उरत नाहीं. दोन्ही अवयव निरनिराळे बदलावे आणि मग गुणावे. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, एक पौंड वजनाचें बल म्हणजे ४.४४८ न्यूटन. म्हणून एक फूट-पौंड म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर. १०८ ला १.३५६ नें भागिलें असतां ७९.६ येतात. विलायती पान्याचा कांटा ८० च्या किंचित् अलीकडे थांबवावयाचा.

खरी मेख किलोग्रॅममध्यें आहे. जुन्या जपानी गाड्यांच्या पुस्तिकांत पीळ ‘किलोग्रॅम-मीटर’ असा देत. किलोग्रॅम हें वस्तुमानाचें माप, बलाचें नव्हे. तेथें अभिप्रेत असते ती एक किलोग्रॅमच्या वस्तूवरील पृथ्वीची ओढ. ही ओढ विषुववृत्तावर थोडी कमी, ध्रुवांजवळ थोडी अधिक. म्हणून १९०१ सालीं वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें गुरुत्वप्रवेगाचा ९.८०६६५ हा प्रमाण आंकडा ठरवून टाकिला. न्यूटन हें नांव बलाच्या एककास त्याच परिषदेनें १९४८ सालीं मान्य केलें. किलोग्रॅम-मीटरांस ९.८ नें गुणिलें कीं व्यवहारापुरते न्यूटन-मीटर मिळतात. १०८ न्यूटन-मीटर म्हणजे जवळजवळ ११ किलोग्रॅम-मीटर. या जुन्या मापाचा एक गुण मात्र कबूल केला पाहिजे: तें डोळ्यांसमोर उभें राहतें. पाना आडवा ठेवून नटापासून अर्ध्या मीटरवर २२ किलोग्रॅमांचें ओझें टांगलें, कीं तो पीळ झाला. दांडा तिरपा असेल तर हिशेब चुकला, कारण लंब अंतर कमी होतें.

लहान बोल्टांच्या बाबतींत इंच-पौंड भेटतात. बारा इंच-पौंडांचा एक फूट-पौंड. १० न्यूटन-मीटरांवर आवळावयाच्या बोल्टास ८८.५ इंच-पौंड लागतात. घाईंत ‘इंच’ हा शब्द नजरेआड झाला, तर बारापट पीळ पडून बोल्टाचें डोकेंच हातांत यावयाचें.

पौंड आणि न्यूटन यांमधील हा ४.४५ पटीचा फरक १९९९ सालीं मंगळापर्यंत जाऊन पोंचला. अमेरिकेच्या नासा संस्थेचें ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हें यान वाटेंत वारंवार वायूचे लहान झोत सोडून आपल्या आंतील चाकांत सांठलेली फिरक उतरवीत असे. त्या झोतांचा आवेग जमिनीवरील एका संगणक-आज्ञावलीनें पौंड-सेकंदांत दिला, आणि मार्ग आंखणाऱ्यांनीं तो न्यूटन-सेकंद म्हणून घेतला. झोतांचा परिणाम कितीतरी कमी धरला गेला. २३ सप्टेंबर रोजीं यान ठरल्यापेक्षां पुष्कळ खालून, मंगळाच्या वातावरणांत शिरलें आणि त्याच्याशीं संपर्क कायमचा तुटला.

चौकस मुलें येथें एक अडचण काढतात. कार्य मोजण्याचें जूल हें मापहि न्यूटन आणि मीटर यांचाच गुणाकार; मग पीळ जूलमध्यें कां सांगूं नये? कार्यांत अंतर घेतात तें बलाच्याच दिशेचें, पिळांत त्या दिशेशीं काटकोनांतलें. गंजून बसलेल्या नटावर एखादा गृहस्थ घाम गाळीत १०८ न्यूटन-मीटर पीळ लावून उभा राहिला आणि नट तसूभरहि सरकला नाहीं, तर नटावर झालेलें कार्य शून्य जूल. तोच नट तेवढ्याच पिळाखालीं पुरता एक फेरा फिरला, तर ६७९ जूल.