परिपत्रक आधी पोचलं पाहिजे

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. सगळी नोकरी बँकेत झाली. तरी आज विषय लसीकरणाचा घेतलाय. त्याचं कारण शेवटी सांगतो.

माझ्या वयाच्या मंडळींनी बाही वर करून बघा. दंडावर एक वण सापडेल. लहानपणी आपल्या 'देवी काढल्या', त्याची ती खूण. 1796 साली इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी एका आठ वर्षांच्या मुलाला गाईच्या देवीची लस टोचली. 1802 मध्ये ती मुंबईत पोचली आणि ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. भारतातली ती पहिली. 1980 मध्ये जगातून देवीचा रोग गेल्याचं जाहीर झालं. म्हणून माझ्या नातवाच्या दंडावर तो वण नाही.

लस नेमकं करते काय? बँकेत खोटी नोट पहिल्यांदा आली की मुरलेला कॅशियरही फसायचा. मग वरून परिपत्रक यायचं, अमुक खुणेच्या खोट्या नोटा फिरताहेत. त्यानंतर तशी नोट आली की हात तिथंच थांबायचा. लस म्हणजे ते परिपत्रक. तिच्यात अशक्त केलेला किंवा मेलेला जंतू असतो, नाहीतर त्याचा नुसता तुकडा. पांढऱ्या पेशी त्याची ओळख पटवून घेतात आणि नेमक्या त्यालाच चिकटणारी प्रथिनं बनवतात. हीच प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज. पुढे ती कमी होतात, पण काही पेशी ती खूण जपून ठेवतात. खरा जंतू आला की फौज लवकर उभी राहते.

आता कारण सांगतो. माझा नातू 2019 चा. गोवराचा पहिला डोस नवव्या महिन्यात झाला. दुसऱ्याची वेळ आली तेव्हा कोविड होता. सूनबाई दोनदा म्हणाली, "बाबा, केंद्रावर जाऊन येऊ का?" मी म्हटलं, "राहू दे गं, एक झालाय ना? पुढे बघू." पुढे बघायचं राहूनच गेलं. एका डोसनं शंभरातल्या साधारण पंधरा मुलांना संरक्षण मिळत नाही, दुसरा त्यांच्यासाठी असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

2022 च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवराची साथ होती. नातवाला सर्दी-ताप आला. त्यातच तो खालच्या मजल्यावर खेळून आला. पुरळ दोन दिवसांनी उठलं, पण गोवर त्याआधीच पसरायला लागतो. खाली सात महिन्यांचं बाळ होतं. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं त्या वयात ओसरत आलेली असतात आणि लस नवव्या महिन्यात. मधल्या काळात बाळाचं संरक्षण म्हणजे आजूबाजूची आपण माणसं. नातू बरा झाला. बाळाला मात्र गोवरातून न्यूमोनिया झाला, नऊ दिवस हॉस्पिटलात होतं.

मी रोज डबा घेऊन जायचो. बाळाच्या आजीकडे बघायची हिंमत होत नव्हती. शेवटी मीच सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, आता बाकीच्या मुलांचं बघा."

ते बाळ आज इथंच पुढे बसून चुळबुळ करतंय. त्याच्या आई-वडिलांना विचारूनच हे बोलतोय. त्यानंतर मी घरोघरी जाऊन लसीची कार्डं पाहिली. चार मुलांचे डोस राहिलेले निघाले. चारही पूर्ण झाले.

मेंटेनन्स थकला तर आपल्याकडे नोटीस बोर्डावर नाव लागतं. लसीची थकबाकी कुणी लावत नाही, आणि ती कधी कधी शेजारच्या बाळाला भरावी लागते. तेव्हा आज घरी गेलात की मुलांची कार्डं काढून बघा. आपण ज्येष्ठांनीही आपल्या डॉक्टरांना फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दल विचारा. कार्ड वाचायला अडचण आली तर माझी बेल वाजवा. चष्मा लावून बसलेलाच असतो.