किराण्याची वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघींत उभे राहून बोलण्याची सवय नाही, तेव्हा चुकलेमाकले तर सांभाळून घ्यावे. ‘स्त्रियांचे नेतृत्व व पुढची पिढी’ हा विषय मला दिला आहे. मी आपल्या गिरणगावातल्या खाणावळवाल्यांचीच गोष्ट सांगणार आहे.

पूर्वी लालबाग-परळच्या चाळींतून गिरणीतले एकटे पुरुष दाटीने राहात, बायकामुले गावी. त्यांची जेवणे आपल्यासारख्याच बायका एका खोलीत रांधीत. मेंबर पैसे देणार पगार झाल्यावर, तोवर डाळतांदूळ उधारीवर. वाण्याचे देणे चढले की गळ्यातले मणी सावकाराकडे जात. १९६९ साली चौदा मोठ्या बँका सरकारच्या झाल्या खऱ्या, पण बँकेची पायरी चढायची कोणी?

ती चढविली प्रेमाताई पुरव यांनी. ताई मूळच्या गोव्याच्या, तिथल्या मुक्तिलढ्यातल्या. पुढे इथे कामगार चळवळीत आल्या. १९७५ साली त्यांनी चौदा खाणावळवाल्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. (बँका चौदा आणि बायकाही चौदाच, याची मला फार गंमत वाटते.) ताईंनी आपल्या एकटीच्या सहीवर पैसे उचलून वाटले असते, तर त्यांची धावपळ वाचली असती. पण कर्ज ज्या त्या बाईच्या नावावर झाले. बायका एकमेकींना जामीन राहिल्या. ताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कन्या मेधाताई सामंत यांनी बँकेतली नोकरी सोडून १९९३ पासून पुण्यात हेच काम वाढविले.

आमच्या सासूबाई पहिल्या चौदांत नव्हत्या, मागाहून गेल्या. सही गिरवायला त्यांना आठ दिवस लागले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मेंबर गावी गेले, बाकी बुडाली. कर्ज मात्र त्यांनी कचेऱ्यांत डबे पोचवून फेडले.

मी सून म्हणून आले, तर चौथ्याच महिन्यात त्यांनी किराण्याची वही माझ्यापुढे ठेवली. पहिल्याच महिन्यात मी दोनशे रुपयांचा घोळ केला. शेजारणी म्हणाल्या, “वही काढून घ्या.” सासूबाईंनी घेतली नाही. “पुढच्या महिन्यात दीडशेचा करील,” एवढेच म्हणाल्या.

आता माझे सांगते. आपल्या मंडळाची वही अकरा वर्षे माझ्याकडे आहे. गेल्या दिवाळीत फराळाच्या विक्रीच्या वेळी आपल्या चाळीतली एक मुलगी म्हणाली, “काकू, हिशेब मी लिहू का?” मी म्हटले, “तू अजून लहान आहेस.” एकवीस वर्षांची मुलगी, कॉमर्स शिकलेली! घरी जाऊन मला झोप आली नाही. मुली मंडळात येत नाहीत म्हणून आपण कुरकुरतो, आणि आल्या की त्यांना रांगोळी काढायला नि चहाचे कप उचलायला लावतो.

अध्यक्षबाईंची परवानगी मी कालच घेतली आहे. वही आणि कपाटाची किल्ली या टेबलावर ठेवते. ती मुलगी मागच्या रांगेत बसली आहे, तिने पुढे यावे. चकलीच्या हिशेबात सदतीस रुपये जुळत नाहीत. ते माझ्या हातचे आहेत, तिच्या नाही, हे सर्वांनी लक्षात ठेवावे.